तुझ्या बाबांची नडगी

९ जानेवारी

प्रिय बबडे,

चौतिसाव्या वर्षी कुणी बबडी म्हटलेलं तुला खपत नाही, ठाऊक आहे. पण पाकिटावर तुझं पूर्ण नाव शहाण्यासारखं लिहिलंय, तेव्हा आत तरी मला माझं करू दे. फोन तू उचलत नाहीस. मेसेज जातच नाहीत, म्हणजे माझा नंबर बंद करून ठेवलायस. पत्राचं बरं असतं. न वाचता फाडायचं म्हटलं तरी ते आधी हातात घ्यावं लागतं.

तर सांगायचं ते असं, की तुझे बाबा गेल्या रविवारपासून माझ्या घरी आहेत.

दचकू नकोस. पुन्हा संसार मांडलेला नाही. समोरच्या खोलीत, जिथे माझी शिकाऊ मंडळी गाडीची वाट बघत बसतात, तिथे एक पलंग टाकलाय. ते पलंगावर आणि मी आतल्या खोलीत. शिकाऊ मंडळी आता जिन्यात उभी राहतात आणि माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसतात. हसू देत बापडी.

गेल्या वर्षी ते लिफ्ट दुरुस्त करताना तिच्या खड्ड्यात पडले, डाव्या पायाची नडगी मोडली, पट्टी आणि स्क्रू घालून जोडली, एवढं तुला कळलंय. पुढचं कळलेलं नाही, कारण तुला ते दर आठवड्याला फोनवर "मस्त चालतोय" असं सांगतात. ते चालत नाहीत, बबडे. पाय ओढतात.

मलाही कुणी सांगितलं नव्हतं. गेल्या महिन्यात मी एका बाईंना चौकात गाडी वळवायला शिकवत होते. समोरून एक माणूस काठी टेकत रस्ता ओलांडत होता आणि बाईंना हॉर्न वाजवायची घाई झाली होती. मी म्हटलं, राहू द्या, जाऊ द्या त्यांना. मग त्याचा चेहरा दिसला. गाडी तिथेच कडेला लावायला सांगून मी उतरले. त्यांच्या पँटला नडगीपाशी ओला डाग होता.

"हे काय?" मी विचारलं.

"घाम आहे."

"एकाच पायाला?"

मी त्यांना मागच्या सीटवर बसवलं, आणि त्या बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा पेशंट घेऊन हॉस्पिटलपर्यंत गाडी नेली. फार सुंदर चालवली. भीती वाटायला वेळच मिळाला नाही त्यांना.

तिथे हाडांच्या एक डॉक्टरीणबाई आहेत. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान, बोलणं तुटक, हात मात्र मऊ. त्यांनी नडगीवरचं ते भोक बघितलं. हो, भोकच. बोराच्या बीएवढं. वरून खपली धरते, चार दिवसांनी पुन्हा वाहायला लागते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला की आजवर कुठल्या कुठल्या गोळ्या घेतल्या. तुझ्या बाबांनी सदऱ्याच्या दोन्ही खिशांतून कागद काढले. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जायचे, गोळ्या आणायचे, पाणी थांबलं की गोळ्या थांबवायचे. पुन्हा वाहिलं की पुन्हा गोळ्या. वर्षभर हाच धंदा.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते मला कळलं तसं लिहिते. जंतू हाडात शिरलाय. हाडाचा एक तुकडा मेलाय आणि मेलेल्या हाडात रक्त जात नाही. रक्त नाही म्हणजे औषधही पोचत नाही. आतली धातूची पट्टी तर त्याचं हक्काचं घर. तिथे तो बसलाय आणि अर्धवट औषधं खाऊन खाऊन निर्ढावलाय. नेहमीच्या गोळ्यांना आता तो भीक घालत नाही. तेव्हा आधी सगळी औषधं दोन आठवडे बंद, मग आतल्या हाडाचे तुकडे काढून तपासायचे, कुठला जंतू आहे आणि कशाने मरतो ते बघायचं, आणि मग लढायचं.

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, घरात दुसरं माणूस नाही. म्हणून माझ्याकडे आणलं. तुला कळवायचं नाही, असं त्यांनी मला बजावलंय. मी हो म्हटलं. ते बघतात तेव्हा मी हिशेबाची वही काढते आणि तिच्याखाली हे पत्र लिहिते.

घाबरण्यासारखं काही नाही. डॉक्टरीणबाई खमक्या आहेत आणि मीही आहे. तुझ्या लग्नापर्यंत मी त्या घरात थांबले नाही, हे तू विसरली नाहीस. मीही नाही. त्याबद्दल आज काही लिहीत नाही. आज फक्त नडगी.

तुझी,
आई


२८ फेब्रुवारी

प्रिय बबडे,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. पुढे ऐक.

तपासणी फुकट गेली. हाडाचे तुकडे काढून प्रयोगशाळेत ठेवले आणि त्यातून काहीच उगवलं नाही. मला वाटलं, चला, जंतू नाहीच, सुटलो. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून आमच्याकडे बघितलं. म्हणाल्या, जखमेतून पू येतोय आणि जंतू नाही, हे होत नाही. कुणीतरी गोळ्या घेतोय.

मी शपथेवर सांगितलं की माझ्या घरात एक गोळी नाही. घरी येऊन यांचा सदरा धुवायला टाकताना वरच्या खिशात गोळ्यांचं पाकीट सापडलं, निम्मं संपलेलं.

ते पाकीट चहाच्या बशीत ठेवून त्यांच्यापुढे सरकवलं.

म्हणाले, "संध्याकाळी कणकण यायची. तुझ्या घरात कण्हत पडायचं बरं वाटेना."

बघ आता. पाय गेला तरी चालेल, पण माझ्यासमोर कण्हायचं नाही. तीस वर्षं एका छपराखाली काढली, तेव्हाही हेच. ताप आला तरी कामावर. दाढ दुखली तरी "काही नाही". हा माणूस कधी आजारी होता हे मला तो बरा झाल्यावर कळायचं.

मग पुन्हा दोन आठवडे सगळं बंद. मी रोज खिसे तपासायचे आणि ते शाळकरी पोरासारखे हात वर करून उभे राहायचे. कणकण यायची. कण्हलेही. जिन्यात उभ्या राहणाऱ्या एका शिकाऊ आजोबांनी त्यांना जुन्या गाण्यांचा रेडिओ आणून दिला.

दरम्यान डॉक्टरीणबाईंनी आणखी एका मोठ्या सर्जनचं मत घ्यायला सांगितलं. ते पांढऱ्या केसांचे, सभ्य. त्यांनी एक्स-रेचे फोटो उजेडाला धरले आणि सरळ म्हणाले, गुडघ्याखाली कापून टाका. महिनाभरात कृत्रिम पाय बसेल, चालायला लागाल, ही ब्याद संपेल. पाय वाचवायचा तर दोन मोठी ऑपरेशनं, महिनोन्महिने औषध, आणि शेवटी कापावाच लागणार नाही याची हमी कोणी देणार नाही.

गंमत सांगू? तुझे बाबा खूश. परतताना गाडीत म्हणाले, "हा माणूस कामाचा आहे. खराब पार्ट काढायचा, नवा बसवायचा. मी जन्मभर तेच केलं."

मी म्हटलं, लिफ्टचा पार्ट गोदामात मिळतो, नडगी मिळत नाही. ते म्हणाले, लिफ्ट आठ दिवस बंद ठेवली की लोक शिव्या देतात, तू मला आठ महिने बंद ठेवणार. मग आमचं जुंपलं. बबडे, आम्ही लग्न झाल्यापासून इतकं कडकडून कधी भांडलो नव्हतो. माझ्या गाडीत माझ्या पायाशी दुसरा ब्रेक असतो, शिकाऊ माणूस चुकला की मी दाबते. तो दाबायची मला सवय आहे. मी डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं की कापायचं नाही.

"पाय माझा आहे," तुझे बाबा म्हणाले. आवाज चढवला नाही. तो त्यांचा चढतच नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बसायला सांगितलं. मला! मी बाहेर बाकावर बसून समोरच्या भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता वाचत राहिले. त्यात नडगीचं हाड किती सरळ आणि साधं दिसतं. ते बाहेर आले तेव्हा मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं. गाडी सुरू केल्यावर ते स्वतःहून बोलले.

"त्यांनी विचारलं, तुम्हाला पाय नकोय की वाट बघणं नकोय."

"मग?"

"एकदा प्रयत्न करू. एकदाच. नाही जमलं तर मी सांगेन तेव्हा कापायचा, आणि तू मधे पडायचं नाहीस."

मी कबूल केलं. दुसऱ्यांदा काढलेल्या तुकड्यांत जंतू सापडला. बऱ्याच औषधांना दाद न देणारा आहे, पण दोन-तीन औषधांना अजून भितो. एवढं मला पुरे आहे.

तुझी,
आई


२४ मार्च

प्रिय बबडे,

पहिलं ऑपरेशन पार पडलं. चांगलं झालं, असं मी नाही, डॉक्टरीणबाई म्हणतात, आणि त्या उगीच गोड बोलत नाहीत.

पट्टी काढली, स्क्रू काढले. मग मेलेलं हाड छिनलं. कुठे थांबायचं ते कसं कळतं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, हाडातून टिपटिप ताजं रक्त यायला लागलं की थांबायचं, तिथून पुढे जिवंत हाड. हे मला फार आवडलं. माझ्या बोटाएवढी पोकळी झाली. तिथे आता औषध मिसळलेलं सिमेंट भरलंय. घर बांधायचं नव्हे, हाडांसाठीचं वेगळं असतं. ते आतून हळूहळू औषध सोडत राहतं. आणि पाय हलू नये म्हणून बाहेरून लोखंडी कडी बसवलीत, तारा आरपार हाडात घातलेल्या. बघितलंस तर तुला चक्कर येईल. तुझे बाबा मात्र पहिल्याच दिवशी त्याचे नट किती नंबरचे ते विचारत होते.

आता सहा आठवडे शिरेतून औषध. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. दंडात एक बारीक नळी घालून ठेवलीय, तिचं टोक पार छातीपर्यंत जातं. हे हॉस्पिटलात पडून घ्यायचं किंवा घरी कुणी शिकलेलं असेल तर घरी. तुझी आत्या म्हणाली, मी नळीकडे बघितलं तरी पडेन, आणि ती खरंच खुर्चीत बसली. तेव्हा मीच शिकले. वॉर्डातल्या सिस्टरने मला तीन दिवस घेतलं. हात कसे धुवायचे, टोक कसं पुसायचं, आधी मिठाचं पाणी, मग औषध, मग पुन्हा मिठाचं पाणी. बाटली दीड-दोन तास सावकाश चालवायची. भरभर सोडली की माणूस लालभडक होतो आणि खाजवत सुटतो. मी पहिल्यांदा टोक पुसायला विसरले तेव्हा सिस्टरने माझ्या हातावर चापट मारली. इतक्या वर्षांनी मला कुणी शिकाऊ केलं. मी तिला म्हटलं, आवडली मला तुमची पद्धत.

घरी रुटीन बसलंय. सकाळी सातला मी बाटली कपड्यांच्या स्टँडला टांगते. ते थेंब मोजतात. मोजू नका म्हटलं तरी मोजतात, कारण दुसरं काय करणार. मग मी माझ्या पहिल्या शिकवणीला जाते आणि येऊन बाटली काढते. मधल्या वेळात माझी शिकाऊ मंडळी त्यांच्याशी बोलतात. सिग्नल, गिअर, नवऱ्याच्या कागाळ्या. परवा एकीने मला सांगितलं, तुमचे साहेब फार छान ऐकून घेतात. मी म्हटलं, हो, ऐकून घेण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. बोलण्याची तेवढी वानवा.

रक्त दर आठवड्याला तपासतात. सूज दाखवणारा आकडा उतरतोय. मी अजून चिंतेत नाही आणि तूही होऊ नकोस.

एवढंच, की त्यांना फोन केलास तर पायाबद्दल माझ्याकडून कळलं असं म्हणू नकोस.

तुझी,
आई


१२ एप्रिल

प्रिय बबडे,

म्हटलंसच शेवटी.

म्हणजे पत्रं तू वाचतेस. हे कळलं ते बरंच झालं. त्या दिवशी तू फोनवर किती रडलीस आणि किती ओरडलीस ते मला आतल्या खोलीत ऐकू येत होतं. बापाला ओरडायचा तुला हक्क आहे, आणि बऱ्याच वर्षांत त्यांना कुणी ओरडलं नव्हतं. मला तर आतून बरं वाटत होतं.

फोन ठेवून ते मला म्हणाले, "तू शब्द दिला होतास."

मी म्हटलं, दिला होता, मोडला. पोरगी आहे ती, शेजारीण नाही.

मग त्यांनी काठ्या घेतल्या आणि निघाले. थांबा म्हटलं नाही, कारण ते थांबले नसते. टॅक्सी केली, त्या लोखंडी पिंजऱ्यासकट बसले, घरी गेले. तिथे तीन मजले कसे चढले ते मला खालच्या शिंपीकाकांनी सांगितलं. पायऱ्यांवर पाठमोरे बसून, हातांच्या जोरावर एकेक पायरी मागे सरकत. काका उशी घेऊन मदतीला गेले, तर यांनी उशी घेतली आणि मदत नाकारली.

पण दंडातली नळी तर त्यांच्याबरोबर गेली, आणि औषध माझ्या फ्रिजमध्ये राहिलं. संध्याकाळची बाटली चुकवून चालत नाही. मी पिशवी भरली, स्टँड गाडीत आडवा टाकला आणि गेले. दार त्यांनी उघडलं. मी हात धुतले, त्यांनी बाही वर केली. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ हेच. तीन मजले वर, तीन मजले खाली. माझे गुडघे मला शिव्या देतात.

सहा वर्षांनी त्या घरात पाऊल टाकलं. तुला म्हणून सांगते, पहिल्या दिवशी मला नळ कुठे आहे ते शोधावं लागलं नाही, पण टॉवेल कुठे असेल ते विचारावं लागलं. भांडी तीच आहेत, मांडणी बदललीय. माझ्यापेक्षा चांगली मांडलीत. खिडकीत तू लहानपणी चिकटवलेलं ते कागदी जहाज अजून काचेवर आहे, उन्हाने पांढरं पडलेलं. तुझ्या लग्नाचा फोटो आहे. त्यात मी नाही, ते साहजिकच. फोटोखालच्या टेबलावर बसून बाटली संपेपर्यंत मी वाट बघते. ते पेपर वाचतात, मी भिंतीकडे बघते. दीड तास. दिवसातून दोनदा. एवढा वेळ सलग एका खोलीत आम्ही लग्नातही बसलो नव्हतो.

आता एक गोष्ट, जी मी या पत्रात न लिहिण्याचं ठरवलं होतं. सोमवारच्या रक्तात मूत्रपिंडाचा आकडा वाढलेला निघाला. हे औषध जंतूला मारतं तसं मूत्रपिंडालाही त्रास देऊ शकतं, म्हणून तर दर आठवड्याला तपासतात. मी अहवाल घेऊन जिन्यात बसले, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे. थोडा वेळ बसले. माझ्यासारखी बाई जिन्यात बसते तेव्हा काय समजायचं ते तू समज. मग उठले आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. म्हणाल्या, वेळेत कळलंय, औषध बदलू, म्हणून तर आपण बघत असतो. दुसरं औषध सुरू केलं. दिवसातून एकदाच घ्यायचं आणि अर्ध्या तासात संपतं. तीन दिवसांनी आकडा खाली यायला लागला.

तेव्हा आता मी दिवसातून एकदाच जिना चढते. जंतूचं काय व्हायचं ते होवो, माझे गुडघे वाचले.

तुझी,
आई


२७ मे

प्रिय बबडे,

सहा आठवडे संपले, नळी निघाली, दुसरं ऑपरेशनही झालं. सिमेंट काढलं, आणि त्या पोकळीत त्यांच्याच कमरेच्या हाडाचा चुरा भरला. नडगीतून घेतलेले तुकडे पुन्हा तपासले. या वेळी काही उगवलं नाही, आणि या वेळी खिशात गोळ्याही नव्हत्या. मी बघितलं होतं.

पण हे पत्र त्यासाठी नाही.

नळी काढायच्या आदल्या दिवशी, शेवटची बाटली चालू असताना, तुझा फोन आला होता. त्यांचा एक हात अडकलेला, म्हणून फोन छातीवर ठेवून स्पीकर चालू केलेला. मी मोरीत हात धूत होते. आई तिथे आहे का, असं तू विचारलंस आणि ते हो म्हणाले. तू म्हणालीस, तिला एवढी काळजी होती तर तेव्हा कुठे गेली होती, दोन महिने थांबता आलं नाही तिला, सासरच्यांसमोर मी एकटी उभी होते. तू म्हणालीस ते खरंच आहे, तू एकटी उभी होतीस.

मी पाणी बंद केलं नाही. वाहू दिलं. तरी त्यांचं बोलणं ऐकू आलं.

"ती मला विचारायला आली होती," ते म्हणाले. "लग्नापर्यंत थांबते म्हणाली. मीच नको म्हटलं. मला आणखी दोन महिने नाटक झेपलं नसतं. जा म्हणालो मी."

तू विचारलंस,

"मग हे मला कधी सांगितलं का नाहीत?"

"तू माझी बाजू घेत होतीस. बरं वाटत होतं."

एवढंच. मग तू फोन ठेवलास. मी बाहेर आले, बाटली संपली होती, मिठाचं पाणी सोडलं, टोपण लावलं. ते म्हणाले, तू का नाही सांगितलंस तिला कधी? मी म्हटलं, सांगितलं असतं तर तिला ना आई राहिली असती ना बाप. एक तरी राहू दे म्हटलं.

मी हे तुझ्यापुढे मोठेपणा मिळवायला लिहीत नाही. मला ते घर सोडायचंच होतं, आणि सोडलं ते बरं केलं. आम्ही भांडत नव्हतो, मारहाण नव्हती, तिसरं कुणी नव्हतं. आम्ही फक्त दोघं मिळून हळूहळू मुके होत चाललो होतो, आणि मला बोलायला लागतं, हे तुला माहीतच आहे. आज विचारलंस तरी मी तेच करेन. फक्त तुझ्या लग्नात अक्षता टाकायला मी मागच्या रांगेत तरी येऊन उभं राहायला हवं होतं. तू बोलावलं नाहीस म्हणून मी आले नाही. मी न बोलावता यायला हवं होतं, असं आता वाटतं. तेवढंच वाटतं.

उत्तराची घाई नाही. हाडालाही वेळ लागणार आहे.

तुझी,
आई


२ नोव्हेंबर

प्रिय बबडे,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी गाडीत होते आणि एक नवा मुलगा चालवत होता. तुझा हा नंबर मला माहीत नव्हता, कुणी नवा शिकाऊ असेल म्हणून उचलला. तू "आई" म्हणालीस. पुढे काय बोललीस ते पहिली दोन मिनिटं मला नीटसं कळलंच नाही. तो बिचारा मला खुणेने विचारत होता, वळू का, आणि मी हातानेच सरळ, सरळ असं सांगत होते. आपलं बोलणं संपलं तेव्हा शहर केव्हाच मागे पडलं होतं, आणि तो टॉप गिअरला पोचला होता, जो मी त्याला पुढच्या आठवड्यात शिकवणार होते.

फोनवर गडबडीत राहिलं ते लिहिते.

पायाची कडी गेल्या महिन्यात काढली. फोटोत नडगी जुळलेली दिसते. पोकळी होती तिथे पांढरं, जाड, ओबडधोबड हाड आलंय. डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडाला धरून तुझ्या बाबांना दाखवला, आणि मी पहिल्यांदा बाईंना हसताना बघितलं. मी विचारलं, बरे झाले म्हणायचं ना? त्या म्हणाल्या, निदान वर्षभर म्हणायचं नाही, हा जंतू दबा धरून बसणाऱ्यातला आहे, तेव्हा दुखलं, लाल झालं, ताप आला तर त्याच दिवशी यायचं आणि कोपऱ्यावरची गोळी घ्यायची नाही. तुझे बाबा म्हणाले, दुखलं तर सांगेन. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, सांगतात हल्ली. खरंच सांगतात. गेल्या गुरुवारी मला मुद्दाम फोन करून सांगितलं की दाढ दुखतेय. मला इतका आनंद झाला की मी दातांच्या डॉक्टरांचा पत्ता द्यायलाच विसरले.

काठी घेऊन चालतात. डावा पाय बोटभर आखूड राहिलाय, बुटात जाड तळवा घातलाय. त्या पांढऱ्या केसांच्या सर्जनना दाखवायला स्वतः गेले होते. त्यांनी पाय दोन्ही हातांनी चाचपून बघितला आणि म्हणाले, तुम्ही नशीबवान. यांनी उत्तर दिलं, नशीब नाही, मी कंटाळलो होतो, मला कंटाळू दिलं नाही.

तू विचारलंस, "आई, तू आता परत बाबांकडे गेलीस का?" नाही. पलंग मी शिंपीकाकांच्या भाच्याला देऊन टाकला आणि समोरच्या खोलीत पुन्हा माझी शिकाऊ मंडळी बसतात. ते त्यांच्या तिसऱ्या मजल्यावर, मी माझ्या तळमजल्यावर. रविवारी ते जेवायला येतात. दुपारी येतात, संध्याकाळी जातात, मधे बोलतात. मी त्यांना ठेवून घेत नाही आणि ते राहतो म्हणत नाहीत. आत्याला हे पटत नाही. ती म्हणते, एवढं केलंस तर आता एकत्र राहा. तिला कसं सांगू, की आम्हा दोघांचं एवढं चांगलं पूर्वी कधी चाललं नव्हतं.

आता तुझ्या येण्याबद्दल. वीस तारखेला विमानतळावर आम्ही दोघं येऊ. गाडी माझीच, वर "शिकाऊ" अशी मोठी पाटी असेल, जावयांना आधी सांगून ठेव. बाबा मागे पाय लांब करून बसतील, जावई आणि माझी नात त्यांच्या शेजारी मावतील. तेव्हा तुला पुढे माझ्याशेजारी बसावं लागेल, त्याला इलाज नाही. नातीला मी फक्त फोटोत बघितलंय, म्हणून आरशातून वरचेवर मागे बघेन. तेव्हा रस्त्याकडे तू लक्ष ठेव.

त्या मोठ्या चौकातून डावीकडे माझं घर, उजवीकडे त्यांचं. कुठे वळायचं ते मी ठरवणार नाही, त्यांनीही ठरवायचं नाही, असं आमचं ठरलंय. तू सांगशील तिकडे वळेन. दोन्हीकडे अंथरुणं घालून ठेवलेली असतील.

तुझी,
आई